हरणाऱ्यांची बाजू

दिवाळी झाली की नेरच्या रस्त्यांवरची बाभळीची झाडं पांढरी दिसायला लागतात. कापसाच्या गाड्या बाजाराकडे जातात आणि जाता जाता प्रत्येक झाड आपला वाटा काढून घेतं. काट्यांना कापूस, तारेच्या कुंपणाला कापूस, विजेच्या खांबाच्या तणाव्याला कापूस. परवा माझ्या फाटकाच्या कडीलाही एक पुंजका अडकला होता. तो काढून मी उगीच बोटांत फिरवत उभी होते, तेवढ्यात आत खिडकीत ठेवलेला फोन वाजला. एकदाच, टुंग करून.

तो फोन माझा नाही, ह्यांचा आहे. माझा मुलगा सुहास पुण्याला असतो. तो म्हणतो, आई, दोन दोन फोन कशाला सांभाळतेस? मी म्हणते, राहू दे. त्या फोनवर आता कुणी बोलत नाही. जाहिराती येतात, आणि कापूस फुटण्याच्या दिवसांत एक सूचना येते, की परदेशात कुठेतरी बायकांची पूलची, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल मारायच्या खेळाची, स्पर्धा सुरू होते आहे. ह्यांच्या डाव्या हाताच्या बोटानं कधीतरी ती घंटी दाबली गेली असणार. ती मी बंद केलेली नाही. कशी बंद करतात ते मला माहीत नाही, असं मी सुहासला सांगते. माहीत आहे.

मी चष्मा शोधला, खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि यादीत आमच्या आवडीच्या एका खेळाडूचं नाव पाहायला लागले. नाव होतं. त्याच्यापुढे निकालही आलेला होता. पहिलाच सामना ती हरली होती.

तीन वर्षांपूर्वी हाच निकाल वाचून मी फोन पालथा घातला असता. घातलाच होता.

हे सरकारी ऑफिसात नोकरीला, पण ह्यांचा जीव कॅरममध्ये. ऑफिसच्या स्पर्धेत ह्यांचं नाव बहुतेक शेवटपर्यंत असायचं. हरले की मात्र मला सांगावं लागत नसे. फाटक कसं लागलं, चपला कशा निघाल्या, त्यावरून निकाल कळायचा. आमच्याकडच्या स्पर्धांचा नियम साधा होता. हरला तो घरी आला. मग मी काही न विचारता चहा ठेवायची आणि हे दुसऱ्या दिवशीपर्यंत जगाशी अबोला धरायचे. पन्नाशी उलटली तरी यात फरक पडला नाही.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ज्या बोटानं आयुष्यभर राणी घेतली, ते बोट चादरीवर नुसतं पडून राहायचं. मी उशीला टेकवून फोन उभा करून द्यायची. भजन लावलं, क्रिकेट लावलं, बातम्या लावल्या. सगळ्याला हे डोळे मिटून घ्यायचे. एका दुपारी आपसूकच एक पूलचा सामना लागला. निळ्या कापडाचं टेबल, कोपऱ्यात खिसे, रंगीत बॉल, आणि काठी घेऊन वाकलेली एक बाई. कॅरमचा मोठा भाऊच म्हणायचा. मी बदलायला हात पुढे केला, तर ह्यांनी डावा हात उचलून मला अडवलं. त्या आजारपणात ह्यांनी मला पहिल्यांदा काहीतरी सांगितलं ते हे.

पुढे रोज दुपारी आम्ही तेच पाहायचो. या खेळात आरडाओरडा नसतो, ते मला बरं वाटायचं. बॉल बॉलला लागल्याचा आवाज आणि मध्येच थोड्या टाळ्या. मी पलंगाशी बसून मेथी निवडायची नाहीतर तुरीच्या शेंगा सोलायची. नियम हळूहळू कळले. लहान आकड्याच्या बॉलला आधी लागावं लागतं, आणि नऊ आकड्याचा बॉल खिशात गेला की डाव संपतो. जी आधी ठरलेले डाव जिंकेल, तिचा सामना.

त्यात एक बाई होती. चाळिशी ओलांडलेली असावी. समोर उभ्या पोरी तिच्या निम्म्या वयाच्या. कायम राखाडी जाकीट घालायची. नाव असं, की सगळी अक्षरं लावली तरी तोंडात बसेना. काठीच्या टोकाला ती खडू घासत राहायची, टेबलाला एक फेरी मारायची आणि मगच वाकायची. चुकली की कपाळावर हात मारणं नाही, काही नाही. खुर्चीत जाऊन बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि दुसरीचा खेळ पाहत राहायची. ह्यांना ती आवडली. ती वाकली की हे डाव्या हाताचं बोट उचलून दाखवायचे, आता या खिशात जाणार. तिनं तिथंच घातला तर माझ्याकडे पाहायचे. ती नजर मला ओळखीची होती. भाजीत मीठ बरोबर पडलं की चाळीस वर्षं हे असेच बघत आले होते, तोंडानं कौतुक करण्याची पद्धत आमच्या घरात नव्हतीच.

भाद्रपदात हे गेले. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग सतरंज्या गेल्या, मोठी पातेली ज्याची त्याला गेली, सुहासची रजा संपली. जाताना तो म्हणाला, की आई, शेत ठोक्यानं देऊन टाक आणि पुण्याला ये. ठोक्यानं म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याला कसायला. देवराव म्हणून शेजारचाच शेतकरी तयार होता. माणूस चांगला. मी सुहासला म्हटलं, या हंगामाचा कापूस निघू दे, मग बघू.

खरं सांगायचं तर मला शेतीचं फार प्रेम होतं असं नाही. वावराकडे हेच बघायचे, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी. पण आता सकाळी उठून मी कुणाला लागत होते, अशी ती एकच जागा उरली होती. घरात मी एका माणसाचा भात लावायची आणि तोही उरायचा. वावरात वेचणीच्या बायका वाट पाहत असायच्या. म्हणून मी रोज सकाळी ऑटोत बसून तिकडे जायची. ते शेत गेलं की माझा दिवस कुठे सुरू होईल, हे मला दिसत नव्हतं.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाशी, खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, आणि कापूस दह्यासारखा पांढरा निघू दे म्हणून पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, दहीभात शिंपडायचा. दरवर्षी नारळ हे फोडायचे आणि दहीभात मी शिंपडायची. त्या वर्षी मी डबा पंचफुलाच्या हातात दिला आणि मागे जाऊन उभी राहिले. पंचफुला म्हणजे वेचणाऱ्या बायकांची म्होरकी. माझ्याच वयाची, हाडकुळी, बोलायला लागली की थांबणं नाही. तिचा नवरा कधीचाच गेलेला. तिनं डबा परत माझ्यापुढे धरला.

"वावराले काय माईत, कोनाचा नवरा हाये अन् कोनाचा नाई? शिंपडा काकू."

मी शिंपडला. भाताची शितं हिरव्या पानांवर पडली. शेजारी तुरीला पिवळी फुलं आली होती, दव अजून वाळलं नव्हतं, आणि माझ्या पिशवीतला ह्यांचा फोन वाजला. टुंग.

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नंबरावर आता कोणाचा फोन येणार, हे त्यांच्याही मनात आलं असणार. मी पाहिलं, तर स्पर्धा सुरू झाल्याची सूचना. पंचफुलानं विचारलं, काय आलं? मी सांगितलं. आधी खेळ समजावला, मग ते टेबल, ते जाकीट, आणि मग दुपारची ती बोटं दाखवणं. तोवर ह्यांच्याबद्दल मी कुणाशी असं बोलले नव्हते. भेटायला आलेल्यांनी आजार विचारला, औषधं विचारली, शेवटचं कोण जवळ होतं ते विचारलं. ह्यांना काय आवडत होतं, ते कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून रोजची रीतच झाली. भाकरी सोडायला बोरीखाली बसलं की पंचफुला विचारायची, काकू, जाकीटवालीचं काय झालं? सामने बघायचे तर त्या वर्षी वेगळे पैसे भरा, नाव नोंदवा, अशी भानगड होती. ती मला जमली नाही. मला दिसायचे ते फक्त निकाल. दोन नावं, दोन झेंडे, दोन आकडे. त्यावरून मी माझा सामना रचायची. नऊ-पाच असेल तर सांगायची, की आज तिनं ऐकलंच नाही कुणाचं. नऊ-आठ असेल तर म्हणायची, शेवटच्या डावाला तिनं जास्त खडू घासला असेल. बायका ऐकायच्या आणि आपली भर घालायच्या. एवढं जाकीट घालते, तिले गरम नाई होत काय? लेकरं कोनापाशी ठेवते? एकीनं तर सांगितलं, की आमीबी जन्मभर काठी घेऊन बकऱ्यांमागं फिरून राह्यलो, आमच्यासाठी कोनी टाळ्या नाई वाजोल्या. ओटीत कापूस भरता भरता सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसल्यावर जरा दचकले.

पहिला सामना ती जिंकली, दुसराही. मनात मी एक वेडगळ हिशेब धरून बसले होते. ती जोवर स्पर्धेत आहे, तोवर आमच्या दोघांचं काहीतरी अजून चालू आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पण निकाल उघडायच्या आधी मी चष्मा दोनदा पुसायची.

तिसरा सामना ती हरली. नऊ-तीन. बाजाराचा दिवस होता, वावरात सुट्टी. दुपारी घरात मी एकटी. तिच्या नावावरचा रंग उडून गेला होता आणि त्या नावापासून पुढच्या सामन्याकडे रेघ गेलेली नव्हती. मी फोन पालथा ठेवला. उठून चहा ठेवला, एकच कप, आणि तो ओट्यावर तसाच निवला. हे असते तर चपला फेकल्या असत्या, दोन दिवस तोंड फिरवून बसले असते. मला तेवढाही राग आला नाही. नुसतं वाटलं, संपलं.

संध्याकाळी सुहासचा नेहमीचा फोन आला. आमचं बोलणंही तसं निकालासारखंच असतं. बरं आहे? बरं आहे. जेवलीस? जेवले. त्या दिवशी मी होऊन म्हटलं, की देवरावला निरोप दे, शेत त्याला देऊन टाकू. सुहासला बरं वाटलं. पोराच्या जिवाला घोर होता, तो मला कळत होता. सकाळी देवराव नारळ घेऊन आला. गुढीपाडव्यापासून शेत त्याचं, असा मी शब्द दिला. आमच्याकडे कागद मागाहून होतो, शब्द आधी होतो.

वावरात जाऊन मी बायकांना सांगितलं, जाकीटवाली गेली. पंचफुलानं ओटी पुन्हा कमरेला आवळली. शेताचं तर त्यांना माझ्याआधीच कळलेलं असणार, गावात अशा बातम्या पायी जात नाहीत. पुढचे काही दिवस नुसती वेचणी झाली. सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांना लागत होती. दिवस मावळतीला गाठोडी काट्यावर चढत होती. कापूस चांगला आला होता.

मग एका दुपारी बोरीखाली पंचफुलानं भाकरीचा तुकडा हातातच ठेवून विचारलं, "काकू, जिनं आपल्या बाईले हरवलं, थे तरी जितली काय पुढं?"

मला हे सुचलंच नव्हतं. पंचफुलाला मात्र ते इतके दिवस खात होतं. आपल्याला पाडून गेलेली निदान दमदार तरी निघावी, असा तिचा विचार. मी फोन काढला आणि त्या पोरीचं नाव शोधत पान खाली सरकवायला लागले. वरचं पान संपलं. मी समजत होते, तिथंच सगळं संपतं. त्याखाली आणखी एक पान होतं. तिथंही नावं, झेंडे, आकडे. आणि त्यात ती होती. जाकीटवाली. ती हरली म्हणून मी सोडून दिल्यानंतर तिनं दोन सामने जिंकले होते आणि तिसऱ्याची वेळ लागलेली होती.

मी तिथंच बसून ते सगळं वाचून काढलं. त्या स्पर्धेत एकदा हरलं की घरी जात नाहीत. हरणाऱ्यांची वेगळी बाजू असते. एकदा हरलेल्या सगळ्या तिकडे जातात, आपसांत खेळतात, आणि तिथून जिंकत जिंकत पुन्हा वर येता येतं. दोनदा हरेल ती बाहेर. मी जन्मभर ऑफिसातल्या कॅरमचा नियम घेऊन बसले होते.

बायकांना हे सांगताना माझीच जीभ अडखळत होती. हरली, पण बाहेर नाही झाली. अजून खेळते आहे. पंचफुलाला मात्र एका क्षणात समजलं.

"म्हंजे पयला कापूस निंगाला, पन पऱ्हाटी उभी हाये. फरदड चालू हाये तिची."

फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर पऱ्हाटी न उपटता तशीच ठेवून घेतलेला मागचा कापूस. बोंडं बारकी असतात, कापूस थोडा असतो, पण असतो. बायका एकमेकींना टाळ्या देऊन हसत होत्या. फरदडवाली बाई, फरदडवाली बाई. मला हसता येईना. मी उठून विहिरीकडे गेले आणि पाठ करून रडले. ह्यांच्यामागे मी अशी रडलेच नव्हते. ती खेळत होती आणि मी शब्द देऊन बसले होते.

शब्द परत घेता आला असता का? मनात शंभरदा आलं. देवरावनं बियाण्याचा, बैलजोडीचा विचार सुरू केला होता. सुहासनं पुण्याच्या घरात माझ्यासाठी खोली रिकामी केली होती. माझं कारण मी कुणाला काय सांगणार होते? कुठल्या तरी देशातली एक बाई, जिचं नावही मला घेता येत नाही, ती हरली असं समजून मी हो म्हटलं. शब्द तसाच राहिला.

ती त्या बाजूनं वर आली. शेवटच्या आठांत पोचली आणि तिथं हरली. तिथं मात्र दुसरी बाजू नसते. बायकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. पंचफुला म्हणाली, एवढी आली थे काय कमी हाये. मग त्या पुन्हा ओळींत शिरल्या.

फरदड ठेवू नका, बोंडअळी वाढते, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. मीही बाकी शेतातली पऱ्हाटी उपटून घेतली. धुऱ्याकडच्या दोन-चार ओळी तेवढ्या ठेवल्या. पाडवा जवळ आला तेव्हा त्यातून जेमतेम ओटीभर कापूस निघाला. तो मीच वेचला. मग त्या ओळीही उपटल्या आणि शेत देवरावला दिलं.

पुण्याला मी गेले होते. सून चांगली आहे, घर हवेशीर आहे. पण तिथं सकाळ झाली की माझ्यासाठी काही सुरूच होत नसे. थंडी सरायच्या आत मी परत आले. का आलीस, ते सुहासनं फार विचारलं नाही. इथं तरी काय आहे? फाटक आहे, खिडकी आहे, रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाड्या आहेत. वावराच्या रस्त्यानं मी जात नाही. दुसऱ्याच्या हातात ते कसं दिसतं, ते मला बघायचं नसतं. पंचफुला आता देवरावकडे वेचणीला जाते. बाजाराच्या दिवशी कधी दिसली तर गर्दीत हात हलवते. बोरीखालच्यासारखं बोलणं काही रस्त्यात उभ्यानं होत नाही.

वेचणी सुरू झाली की देवराव दरवर्षी मला वातींसाठी पिशवीभर कापूस आणून देतो. त्याच वेळी पुढच्या वर्षाचंही विचारून घेतो. मी हो म्हणते आणि तो चहा न घेता जातो. आज सकाळी तो तसाच आला. ओट्यावर पिशवी ठेवली, रुमालानं तोंड पुसलं आणि जरा घोटाळला.

"काकू, पंचफुलानं इचाराले सांगतलं. जाकीटवाली खेळून राह्यली काय म्हने. मले तं काई समजलं नाई."

मी खुर्चीतून उठले. तीन वर्षांत तिनं हे कुणाकरवी विचारलं नव्हतं. कदाचित नुकतंच सीतादही झालं असेल, कदाचित नुसतीच आठवण आली असेल. मी देवरावला म्हटलं, तिले सांगा, पयलाच सामना हरली. पुढचं तिले समजते.

त्यानं मान हलवली. निरोप नीट लक्षात ठेवायचा म्हणून तो मनातल्या मनात घोकत होता. मग पायऱ्या उतरता उतरता नेहमीचं विचारलं, "पुढच्या सालीबी शेत आमच्याकडेच ना काकू?"

"नाई देवराव. पाडव्यापासून मीच करतो."

तो परत वर आला. चेहरा पार उतरला होता. "काहून? आमचं काई चुकलं काय?"

"तुमचं काई नाई चुकलं. तवा मले नियमच माईत नोता."

कोणता नियम, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण त्यानं विचारलं नाही. या वयाला एकटी बाई शेत कसं करणार, तेही विचारलं नाही. ते मलाही ठाऊक नाही. सुहासला काय सांगायचं, ते तर अजिबातच नाही. देवरावला मी म्हटलं, बसा, चहा ठेवते. या खेपेला तो बसला.

तो गेल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. मी पिशवीतला कापूस सुपात घेतला आणि ह्यांचा फोन समोर उभा करून सरकी काढत बसले. पान खाली सरकवून ठेवलं होतं. तिचा सामना दुपारी होता.